वाटेवरची पंगत

पोटासाठी गाव सोडून निघालेल्या माणसाला परक्या मुलुखात आपले माणूस भेटले, की ते दोन प्रश्न विचारते. पहिला प्रश्न असतो, ‘गाव कुठलं?’ आणि दुसरा, ‘जेवलास का?’ पहिल्या प्रश्नाने ओळख पटते, दुसऱ्याने नाते जुळते. महाराष्ट्रातील एका दुष्काळी भागातील हजारो माणसे या दोन प्रश्नांच्या आधाराने भारतभर पसरली आणि स्थिरावली. सोन्या-चांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारी ही माणसे. त्यांच्यापैकीच एका वडिलांच्या आणि त्यांच्या मुलीच्या प्रवासाची ही हकिकत आहे.

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील माण व खटाव हे तालुके कमी पावसाचे म्हणून ओळखले जातात. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथपर्यंत येता येता दमून जातो. शेतीच्या भरवशावर घर चालणे कठीण, म्हणून स्वातंत्र्यापूर्वीपासूनच येथील काही माणसे दूरच्या शहरांत जाऊन सोने-चांदी गाळण्याचे काम करू लागली. १९७२ च्या दुष्काळाने तर या भागाचे कंबरडेच मोडले. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीची भाकरी खायची आणि मुलांनी सुकडीच्या वाटपाची वाट पाहायची, असे ते दिवस होते. त्यानंतर गावोगावची तरुण मुले कोणा नातलगाचे बोट धरून बाहेर पडली. आज उत्तरेत अमृतसरपासून दक्षिणेत कोइमतूरपर्यंत, जेथे सराफ बाजार आहे तेथे बहुधा एखादे मराठी गलाईचे दुकान असतेच.

गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून त्यांतील शुद्ध सोने वेगळे काढणे. दागिन्यात सोन्याबरोबर तांबे आणि चांदीही असते. ते सारे मुशीत घालून भट्टीत वितळवतात. त्यात आणखी चांदी अशा बेताने मिसळतात, की एकूण वजनात सोने सुमारे चौथा हिस्सा उरावे. मग ही मिश्र धातू तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळतात. चांदी आणि तांबे तेजाबात विरघळून जातात. सोने मात्र विरघळत नाही. ते तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी बसते. ती भुकटी धुऊन पुन्हा वितळवली, की पिवळेधमक सोने हाती येते. विरघळलेली चांदीदेखील वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या, की चांदी पुन्हा बाहेर पडते. हे सारे काम डोळ्यांचे आणि अनुभवाचे आहे. मात्र तेजाब उकळताना जी तांबूस वाफ उठते ती नाकाला आणि घशाला झोंबते. लहानशा खोलीत, त्या वाफेत, माणसांची अर्धी आयुष्ये सरली आहेत.

दिल्लीत या माणसांची मोठी वस्ती करोल बागेत झाली. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी या भागाला व्यापारी पेठेचे रूप दिले. बँक स्ट्रीटवर जवाहिऱ्यांची दुकाने ओळीने उभी राहिली. मागच्या बीडनपुरा आणि रेगरपुरा या वस्त्यांत बंगाली कारागीर दागिने घडवू लागले. त्यांच्या शेजारी मराठी गलाईवाल्यांच्या भट्ट्या पेटल्या. त्यामुळे या गल्ल्यांत एकाच संध्याकाळी तीन मुलुखांचे स्वयंपाक शिजतात. एका खिडकीतून मोहरीच्या तेलात तळल्या जाणाऱ्या मासळीचा वास येतो, कोपऱ्यावर छोले-भटुऱ्यांची कढई तापलेली असते आणि वरच्या मजल्यावर कोणी तरी तव्यावर मिरचीचा ठेचा परतत असते.

अशाच एका गल्लीत ते वडील अडतीस वर्षे राहिले. घरी आणि दारी सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचा जन्म विट्याजवळच्या एका खेड्यातला. चौदाव्या वर्षी, १९७६ साली, त्यांनी गाव सोडले. प्रथम इंदूर, मग आग्रा आणि अखेर १९८६ पासून करोल बाग, असा त्यांच्या भट्टीचा प्रवास झाला. एक मुलगी झाली. ती दिल्लीतच शिकली आणि एका खाजगी कंपनीत हिशेबनीस म्हणून नोकरीला लागली. वय वाढले, खोकला जाईना, तेव्हा अण्णांनी दुकान पुतण्याच्या हवाली केले आणि कायमचे गावी जायचे ठरवले. त्यांची पत्नी घर लावण्यासाठी आधीच गावी गेली होती. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, अण्णांनी घरी पोहोचावे असे ठरले.

मुलीने सुचवले, की आगगाडीने न जाता तिच्या मोटारीने जावे. दिल्ली ते विटा हे अंतर सुमारे सतराशे किलोमीटर. अण्णांना हा खर्च उगीचचा वाटला.

“या वाटेनं तुम्ही किती वेळा गेलात, अण्णा?” तिने विचारले.

“शंभर येळा तरी.”

“वाटेत उतरलात कधी?”

“उतरून काय करायचं? डबा असायचा की.”

पुण्यापर्यंत एस.टी. आणि पुढे झेलम एक्सप्रेस, हा त्यांचा ठरलेला मार्ग होता. ग्वाल्हेर आणि आग्रा ही शहरे त्यांनी शंभर वेळा पाहिली होती, पण खिडकीतून. हातात भाकरी, चटणी आणि कांदा. फलाटावर विकायला आलेल्या पदार्थांकडे बघायचे नाही, हा नियम. पैसे वाचवून घरी पाठवणाऱ्या माणसाला असा नियम स्वतःला घालून घ्यावा लागतो. मुलीला हे ठाऊक होते. म्हणूनच तिने एका वहीत वाटेवरच्या गावांची नावे लिहिली आणि प्रत्येक गावापुढे तेथल्या प्रसिद्ध पदार्थाचे नाव लिहिले. वडिलांनी जे जे खिडकीतून सोडून दिले होते ते ते त्यांना खाऊ घालायचे, असा तिचा मनसुबा होता.

जानेवारीतील दाट धुक्यात त्यांनी दिल्ली सोडली. यमुना द्रुतगती मार्ग २०१२ साली खुला झाल्यापासून दिल्लीहून आग्र्याला जाणे सोपे झाले आहे. परंतु त्या दिवशी धुक्यामुळे गाडी बैलगाडीच्या चालीने चालली. आग्र्यात पोहोचल्यावर गरम बेढई आणि बटाट्याची तिखट रस्साभाजी समोर आली. बेढई म्हणजे उडदाच्या डाळीचे सारण भरलेली फुगलेली पुरी. तिच्या पाठोपाठ जिलेबी. अण्णांनी शांतपणे सारे खाल्ले आणि म्हणाले, “गरम हाय. बरं वाटलं.” एवढेच.

नंतर ते नूरी दरवाजा भागात पेठा पाहायला गेले. पेठा कोहळ्यापासून करतात. कोहळ्याच्या फोडी टोचून चुन्याच्या पाण्यात भिजवतात, म्हणजे त्या कडक राहतात. मग स्वच्छ धुऊन साखरेच्या पाकात शिजवतात. ताजमहालाचा संगमरवर काळवंडू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली या परिसरातील उद्योगांना दगडी कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरण्याचा आदेश दिला होता. पुढे पेठ्याच्या भट्ट्यांवरही कोळशाची बंदी आली. अण्णा बराच वेळ एका कढईसमोर उभे राहिले. पाक उकळत होता. कारागिराने झारा उचलण्याआधीच अण्णा म्हणाले, “झाला बघ.” आणि खरोखरच त्याच क्षणी कारागिराने कढई उतरवली. वितळलेल्या धातूच्या रंगावरून वेळ ओळखणाऱ्या नजरेला पाकाचा रंग ओळखणे अवघड नव्हते.

दुकानदाराने केवड्याचा पेठा पुढे केला. मुलगी म्हणाली, “काय सुंदर वास आहे ना?” अण्णांनी मान हलवली. थोड्या वेळाने दुकानदाराने गुलाबाचा पेठा दिला. अण्णांनी विचारले, “ह्यो मघाचाच का?” मुलगी त्यांच्याकडे पाहतच राहिली. केवडा आणि गुलाब यांतला फरक त्यांना कळला नव्हता. मग तिला एकेक गोष्ट आठवू लागली. दूध करपले तरी अण्णांच्या लक्षात येत नसे. गॅसची शेगडी चुकून उघडी राहिली तेव्हाही ते शेजारीच बसलेले होते. तिने सरळ विचारले, “अण्णा, तुम्हाला वास येत नाही?”

“धा-बारा वर्सं झाली,” ते म्हणाले. “डागदर म्हनला, तेजाबाची वाफ. त्यात सांगन्यासारखं काय हाय?”

अन्नाची चव आपण जिभेने घेतो असे समजतो. प्रत्यक्षात जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. केवडा, वेलदोडा, तूप, कोथिंबीर यांची ओळख पटते ती नाकामुळे. म्हणून तर सर्दी झाली, की पक्वान्नही मातीसारखे लागते. अण्णांना साखर गोड लागत होती, मीठ खारट लागत होते. पण त्यापलीकडचे अन्नाचे सारे जग त्यांच्यासाठी मिटले होते. आणि मुलीने तर केवळ चवीसाठी सतराशे किलोमीटरचा प्रवास आखला होता! त्या दुपारी गाडीत बसल्यावर तिने वही मिटून मागच्या सीटवर ठेवली. अण्णांनी ती पाहिली. हसून ते म्हणाले, “दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हनत्यात नव्हं? वही काढ. गाडी काय नुसती पळवायची?”

चंबळ ओलांडून ते मुरैन्याला आले. हिवाळ्यात या गावात गजक करण्याची एकच धांदल असते. तीळ आणि गूळ किंवा साखर यांचा गोळा लाकडी हातोड्यांनी इतका कुटतात, की तो पापुद्र्यांसारखा खुसखुशीत होतो. २०२३ साली मुरैन्याच्या गजकाला भौगोलिक मानांकन मिळाले. अण्णांनी एक तुकडा तोंडात टाकला. दातांखाली तो कुरकुरत विरघळला. “वाजतंय झकास,” ते म्हणाले. मुलीच्या मनात आले, की त्यांच्यापाशी अजून पुष्कळ काही शिल्लक आहे. कुरकुर आहे, ऊब आहे, रंग आहे. संक्रांत जवळ आली होती. तिळगुळाऐवजी गावाला हेच न्यावे, म्हणून त्यांनी दोन किलो गजक घेतले.

ग्वाल्हेरला मुलीच्या वहीत लाडू आणि कचोरीची दुकाने लिहिलेली होती. परंतु लष्कर भागातील सराफ्यात शिरताच अण्णांनी वाट बदलली. एका अरुंद जिन्यावरून ते वर गेले आणि त्यांनी दार वाजवले. आतल्या गृहस्थांनी त्यांना क्षणभर निरखले आणि कडाडून मिठी मारली. ते खटाव तालुक्यातील होते. त्यांच्याच भट्टीवर अण्णांच्या चुलत भावाने काम शिकले होते. पाच मिनिटांत पिठाची परात पुढे आली. मुलगी संकोचाने म्हणाली, “आम्ही बाहेर जेवणार आहोत.” तेव्हा घरातील बाई म्हणाल्या, “जेवा की बाहेर. आधी इथं जेवा.” बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. मुलीच्या वहीत या जेवणाचे नाव नव्हते. जेवताना माणसांची नावे निघत होती: कोण कोणाबरोबर आला, कोणाला कोणी पहिल्यांदा भाकरी दिली, कोणाचे दुकान कोणाच्या आधाराने उभे राहिले. कागदावर कोठेही न लिहिलेला तो एक हिशेब होता. हिशेबनीस असलेल्या मुलीच्या लक्षात आले, की या हिशेबात घेतलेले परत ज्याचे त्याला करत नाहीत. ते पुढे येणाऱ्या नव्या मुलाला देतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे ग्वाल्हेर सोडून शिवपुरी, गुना, देवास करत संध्याकाळी ते इंदूरला पोहोचले. हा जुना आग्रा–मुंबई रस्ता. शिंदे आणि होळकर यांच्या राजवटींमुळे या वाटेवर मराठी माणूस गलाईवाल्यांच्याही फार आधीपासून रुळलेला आहे. इंदुरी पोह्यांचे मूळदेखील होळकरांबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांत असल्याचे सांगितले जाते.

इंदूरचा सराफा ही एक विलक्षण जागा आहे. दिवसा येथे सोन्या-चांदीचा व्यवहार चालतो. रात्री आठ-नऊच्या सुमारास सराफ दुकाने बंद करतात आणि त्याच ओट्यांपुढे खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात. मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी हटत नाही. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, मोठाल्या ताटलीएवढा जलेबा, मावाबाटी, साबुदाण्याची खिचडी. आणि हिवाळ्यात गराडू. गराडू हा एक कंद. त्याच्या फोडी तळून त्यांवर मसाला भुरभुरतात आणि लिंबू पिळतात.

याच सराफ्यातील एका दुकानाच्या पोटमाळ्यावर अण्णा चौदाव्या वर्षी येऊन राहिले होते. भट्टीचा भाता चालवणे, भांडी घासणे, पाणी भरणे ही त्यांची कामे. मालक त्यांच्याच गावचे, सगळे त्यांना मामा म्हणत. पहिल्या दिवशी मामांनी विचारले, “जेवलास का?” दोन दिवसांचा उपाशी मुलगा लाजून म्हणाला, “जेवलोय.” मामा काही बोलले नाहीत. त्यांनी ताट वाढले आणि त्याच्यापुढे सरकवले. दोन वेळचे जेवण मामांकडे होते. पगार मात्र जसाच्या तसा मनिऑर्डरने गावी जाई. रात्री दुकान बंद झाले, की खालच्या गल्लीत कढया तापू लागत आणि त्यांचा दरवळ पोटमाळ्यावर चढून येई. तीन वर्षे हा मुलगा त्या वासातच झोपला. त्याने एकदाही काही विकत घेतले नाही.

“अण्णा, यातलं तुम्ही काय काय खाल्लंय?” मुलीने गर्दीत विचारले.

“खाल्लं काय बी न्हाई. पर वास सगळ्याचा घेतलाय.”

मग अण्णा गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि हळूहळू चालू लागले. चालताना ते सांगत होते, “हितं पहिल्यांदा तुपाचा वास यायचा. येतोय का?” मुलगी म्हणाली, “येतोय.” दहा पावलांवर ते थांबले. “हितं जिरं आणि हिंग. त्यो किसाचा.” “आहे, अण्णा.” “आनि पुढं डाव्या अंगाला दुधाचा. आटवल्याला.” “तोही आहे.” सत्तेचाळीस वर्षांपूर्वी एका उपाशी मुलाने नाकाने पाठ केलेली ती गल्ली अण्णांना तशीच मुखोद्गत होती. काही दुकाने बदलली होती, काही वास उरले नव्हते. तेव्हा मुलगी प्रामाणिकपणे “नाही” म्हणत होती. खोटा होकार देण्याची ती वेळ नव्हती.

शेवटी ते गराडूच्या दुकानापुढे बसले. मसाल्याचा तिखटपणा आणि लिंबाचा आंबटपणा अण्णांना कळत होता. कंदाची ऊब आणि बाहेरचा कुरकुरीतपणा कळत होता. उरलेला वास त्यांनी आठवणीतून घातला. एक द्रोण संपवून त्यांनी दुसरा मागितला. मुलीने पैसे देण्यासाठी पर्स उघडली तेव्हा अण्णांनी तिचा हात धरला. “ह्याचं मी देनार,” ते म्हणाले. चौदा वर्षांच्या त्या मुलाच्या वतीने ते पैसे त्यांनाच द्यायचे होते, हे ओळखून मुलीने पर्स मिटली.

सकाळी जिरावन आणि शेव घातलेले पोहे खाऊन त्यांनी इंदूर सोडले. सेंधव्याचा घाट उतरून ते महाराष्ट्रात आले. धुळ्यात दुपारी खानदेशी भरीत मिळाले. या दिवसांत तेथे लांबट हिरवी वांगी येतात. काडीकचऱ्यावर भाजून आणि हिरव्या मिरचीबरोबर कुटून त्यांचे भरीत करतात. ते इतके झणझणीत होते, की दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. तिखटाचा झोंबरेपणा हा वासावर अवलंबून नसतो. अण्णा डोळे पुसत म्हणाले, “ह्ये मातुर पुरं कळलं!” आणि दोघेही मनमोकळे हसली. पुढे नाशिकला काळ्या मसाल्याच्या रश्शाची मिसळ झाली, साताऱ्यात कंदी पेढे घेतले. आता मुलगी आपल्या वहीत पदार्थांच्या नावांपुढे अण्णांचे शेरे लिहू लागली होती: ‘वाजतंय झकास’, ‘गरम हाय’, ‘पुरं कळलं’.

कऱ्हाडवरून विट्याकडे वळल्यावर अण्णा खिडकीबाहेर पाहू लागले. ज्या माळावर लहानपणी कुसळेही उगवत नसत तेथे आता ऊस उभा होता आणि द्राक्षांचे मांडव होते. टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी या उंच भागात चढवले आहे. सगळ्याच शिवारांना ते मिळालेले नाही. तरीही गाव पूर्वीचा राहिलेला नाही. “ह्ये पानी पन्नास वर्सं आधी आलं असतं,” अण्णा म्हणाले आणि वाक्य पुरे न करताच थांबले. पाणी आधी आले असते तर ते करोल बागेत गेले नसते. मुलगी दिल्लीत जन्मली नसती. त्यांचे नाक शाबूत राहिले असते. त्या अर्ध्या वाक्यात एका आयुष्याचा जमाखर्च होता आणि तो कोणत्या बाजूला मिळवावा, हे दोघांनाही सांगता आले नसते.

भोगीच्या दुपारी ते घरी पोहोचले. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ अशी म्हण आहे. घरात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, लोणी आणि हरभरा, गाजर, वांगी, घेवडा यांची एकत्र शिजवलेली भाजी तयार होती. दोन दिवसांनी रानात हुरडा भाजला. कोवळ्या ज्वारीची कणसे गोवऱ्यांच्या आरात भाजून अण्णांनी ती तळहातांवर मळली आणि गरम हिरवे दाणे मुलीच्या ओंजळीत घातले. आर किती ठेवावा, कणीस केव्हा काढावे, हे त्यांनी नुसते पाहून ठरवले. भट्टीजवळ घालवलेल्या आयुष्याचा तो उपयोग पाहून मुलीला गंमत वाटली. “वास कसा येतोय?” त्यांनी विचारले. ती म्हणाली, “थोडा धुरासारखा, थोडा दुधासारखा.” अण्णांनी मान हलवली. लहानपणचा हुरडा असाच होता, हे त्यांना आठवत होते.

परत निघताना अण्णांनी तिला एक कागद दिला. त्यावर नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा या गावांतील सराफ्यांमधील गलाईवाल्यांची नावे होती. “एकटी चाललीयास. हितं जेवल्याबिगर पुढं जायचं न्हाई,” त्यांनी बजावले. मुलीने तो कागद आपल्या वहीत ठेवला आणि येताना प्रत्येक ठिकाणी ती थांबली.

त्याच वर्षी जून महिन्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास, करोल बागेतील त्या खोलीच्या दारावर थाप पडली. दारात विशीतला एक मुलगा उभा होता. हातात पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. गाडी उशिरा पोहोचली होती आणि अण्णांच्या पुतण्याचे दुकान बंद झाले होते. मुलीने गाव विचारले. त्याने आटपाडीजवळच्या एका खेड्याचे नाव सांगितले. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, “जेवलास का?”

“व्हय, गाडीत खाल्लं की,” तो खाली बघत म्हणाला.

या उत्तराची किंमत तिला आता ठाऊक होती. तिने त्याला आत बोलावले, पाय धुवायला पाणी दिले आणि तवा चुलीवर चढवला.